देवाची उजवी बाजू

देवाकडे मागणारे लोक जगात पुष्कळ आहेत, पण देवाकडून उत्तर वसूल केल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो कांदिवलीला आमच्या समोरच्या खोलीत राहायचा. बाकीची दुनिया हात जोडते, नवस बोलते आणि निकालाची वाट बघत आपापल्या कामाला जाते. समोरच्या काकांना असला मोघम कारभार मान्य नव्हता. ते मूळचे मालवणकडचे. त्यांच्या गावी देवळात कौल लावायची पद्धत. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी गळली तर देव 'होय' म्हणाला, डावीकडची गळली तर 'नको'. गावी हे काम गुरव करतो, आणि तेही वर्षातून चार मोठ्या प्रश्नांसाठी. काकांनी मुंबईला आल्या आल्या हे खातं स्वतःकडे घेतलं. स्वयंपाकघरातली रवळनाथाची काचेची तसबीर, खाली कंपाउंडमधली तगर आणि वाटीभर पाणी, एवढं त्यांना पुरे होतं.

कुठलाही प्रश्न त्यांना देवासाठी लहान वाटत नसे. दूधवाला बदलायचा का, मेव्हण्याच्या पत्राला उत्तर द्यायचं का, अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर होते तिथे आज साहेबांकडे रजा मागायची का, सगळं त्या काचेवर ठरायचं. कौल लागला की घरातला पंखा बंद. 'देवाच्या कामात वारो नको,' म्हणून मे महिन्यात अख्खं घर घामाने निथळत पाकळीकडे टक लावून बसायचं. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि त्या दणक्याने पाकळी पडली, तर काकांनी तो कौल रद्द ठरवून काकूंना गॅस बंद करायला लावला. त्या दिवशी आम्ही सर्वांनी, मीही त्यात आलो, अर्धी कच्ची डाळ खाल्ली. गोराईची कोळीण दारात पाटी उतरवून बसायची आणि आत काका सुरमई की बांगडा ते विचारत असायचे. 'ओ काका, तुझा देव बोलेपर्यंत माझं म्हावरं नासंल ना!' ती ओरडायची. काका आतून शांतपणे म्हणायचे, 'बाय, घाई केलंस तर तो बोंबीलच सांगतलो.'

माझ्या बी.कॉम.च्या निकालाआधी काकांनी मला न विचारता कौल लावला आणि तो डावा आला. त्यांनी माझ्या आईचं सांत्वनसुद्धा करून टाकलं. मी पास झालो तेव्हा ते पेढा खात म्हणाले, 'देवान मागसून विचार बदलल्यान दिसता.' माझ्या अभ्यासाचं नाव कुणी काढलं नाही, याचा मला आजही राग आहे.

आणि मग एका रविवारी त्यांच्या गावचे गुरव डोळे दाखवायला मुंबईला आले आणि काकांकडे उतरले. सकाळी काकांनी मोठ्या ऐटीत पाकळ्या लावल्या. उजवी पडली, काका 'होय! होय!' करत उठले, आणि गुरव चहाचा कप तसाच धरून म्हणाले, 'अहो, ह्यां काय करतास? उजवो म्हणजे देवाचो उजवो. देवाचां तोंड तुमच्याकडे आसा मा? मग तेचो उजवो हात तुमच्या डाव्याक!'

काका मटकन खाली बसले. तीस वर्षं देव जे म्हणत होता त्याच्या बरोबर उलट त्यांनी ऐकलं होतं. दुपारभर त्यांनी आयुष्य उलटं करून तपासलं. 'तरीच टीव्हीत बातम्या देणारी बाई हिरवी दिसता! देवान तो टीव्ही घेव नको म्हणान सांगल्यान होता!' मला जिन्यात गाठून म्हणाले, 'आणि तू पास होतलंस म्हणान तो सांगी होतो रे!' मी म्हटलं, बघा. इथपर्यंत सगळी गंमत चालली होती. पण संध्याकाळी ते एकदम गप्प झाले. जेवले नाहीत. तीन दिवस त्यांनी तसबिरीला काही विचारलं नाही, कोळणीला तसंच परत पाठवलं, आणि काकू समोर आल्या की मान खाली घालायचे.

चौथ्या दिवशी मी आईने दिलेली सोलकढी घेऊन गेलो तेव्हा काकूंनी त्यांना फैलावर घेतलेलं होतं. 'बोला एकदाचां! कसलां सुतक धरलात?' काकांनी मान वर न करता सांगितलं, लग्न ठरवण्याआधी, मुंबईत एकटे असताना, त्यांनी काकूंच्या नावाने कौल लावला होता. उजवी पाकळी पडली म्हणून होकार कळवला. आणि आता कळतंय की तो 'नको' होता.

काकूंचा चेहरा उतरला. 'म्हणजे देवान सांगल्यान म्हणान माका केलात? आणि आता तां पण चुकीचां?'

'तसां न्हय गो,' काका कासावीस झाले. 'खरां सांगू? ती उजवी सहज पडूक नाय. आधी डावीच पडली. मी परत लावलंय. परत डावी. चार येळा डावी पडली. पाचव्या खेपेक उजवी पडली, तेव्हा थांबलंय.'

'देव नको म्हणता असां वाटलां, तरी चार येळा परत लावलात?'

'तुका गावाक जावन बघून इल्लंय मा मी,' काका पुटपुटले. 'नको कसां म्हणतलंय?'

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की सोलकढीचं भांडं माझ्या हातात डुचमळलं. 'अहो, डावी म्हणजेच देवाची उजवी! तो बिचारो चार येळा होय म्हणालो, आणि तुमका आयकाक येवक नाय!'

काका आधी घाबरले, मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि मग दोघं मिळून जी हसली ती मी कधी विसरणार नाही. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला. त्यानंतर काका कौल लावायचे तो निव्वळ हौसेने, आणि पाकळी पडली की विचारायचे, 'गो, ही खंयची?' काकू भाकरी थापता थापता, मागे न बघता बाजू सांगायच्या.

काकू गेल्यावर काही महिन्यांनी मी काकांना भेटायला गेलो. तसबिरीवर दोन पाकळ्या होत्या. 'काय विचारलंत आज?' मी म्हटलं. 'काय नाय रे. देवाक सवय झाली आसा म्हणान लावतंय. माझां इचारून झालां.' डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. बोलता बोलता एक पाकळी गळून पडली. काकांनी वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. उजवीकडची होती, पण कुणाच्या उजवीकडची ते मला पटकन कळेना, आणि सांगायला काकू नव्हत्या.