हिंमतरावाच्या मिशीची हजेरी

अमडापूरच्या अलीकडच्या एका गावात हिंमतराव पाणी सोडायचं काम करतो. म्हणजे करत होता, मग करत असून करत नव्हता, आणि आता पुन्हा करतो. एवढं लांबण लावायची मला हौस नाही, पण कंपनीच्या राज्यात साधी गोष्ट साधेपणाने सांगायची सोय राहिलेली नाही.

वीस-बावीस वर्षं तो ग्रामपंचायतीचा माणूस होता. टाकीखालचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, फिरवायचे, आज वरच्या आळीला पाणी, उद्या खालच्या. पाइप फुटला की चिखलात बसून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. पगार उशिरा व्हायचा, पण ताप आला तर सरपंचाला सांगून घरी पडता यायचं, आणि ‘तुला कायम करू’ हा शब्द दर निवडणुकीला नव्याने मिळायचा. मग एका ग्रामसभेत, जिथे बहुतेक मंडळी जांभया देत बसली होती, पाणीयोजना कंपनीच्या हवाली झाली. टाकी गावाची, नळ गावाचे, पाणी धरणाचं. कंपनीने स्वतःचं म्हणून आणलं ते फक्त मोबाइलवर हजेरी घ्यायचं ॲप.

या ॲपात चेहरे नोंदवायला ज्या दिवशी सगळ्या कामगारांना चिखलीला कंपनीच्या कचेरीत बोलावलं, त्याच्या आदल्याच दिवशी हिंमतरावाच्या आईचा, रुक्मिणीबाईचा दहावा झाला होता. रीतीप्रमाणे नदीवर डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. एरवी त्याची मिशी त्याच्याआधी वॉलपाशी पोचायची. त्याने कंपनीच्या सुपरवायझरला, शेखरला, विचारून पाहिलं की महिनाभराने फोटो काढला तर चालेल का. शेखर स्वतःच कंत्राटावरचा. तो म्हणाला, आज चेहरा नाही तर उद्या नोकरी नाही. मग काय, रडून सुजलेला, गुळगुळीत, तुळतुळीत असा एक चेहरा कंपनीच्या दप्तरी जमा झाला.

महिन्या-दीड महिन्यात केस आले, मिशी आली आणि ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही. हिंमतरावाने फोन उन्हात धरला, सावलीत धरला, मिशीवर आडवं बोट ठेवून पाहिलं. तिकडे नळाला धो धो पाणी, इकडे पाणी सोडणारा गैरहजर. तो चिखलीला गेला तेव्हा शेखरने नियम ऐकवला. खोटे कामगार घुसू नयेत म्हणून एका माणसाला एकच चेहरा, तो बदलायची सोय नाही. मग करायचं काय, असं विचारल्यावर शेखर शांतपणे म्हणाला, “तुम्ही फोटोसारखे राहा ना.” त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

झालं. दर तीन-चार दिवसांनी गोकुळ न्हाव्याच्या दुकानात हिंमतरावाचं डोकं आणि मिशी साफ होऊ लागली. आता बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आईसाठी काढली ती रीत झाली. पण हिंमतराव सारखाच काढत राहिला, तर त्याचे वडील पंजाबरावही गेले असंच लोकांनी समजायचं ना? ओळखीचे लोक बाजारात त्याला लांबून पाहून माना खाली घालत. वडनेर भोलजीचे महादेवराव, त्याचे लांबच्या नात्यातले मावसे, लग्नाच्या बोलणीला अमडापूरला आले होते. त्यांना हा बाजारात पाठमोरा दिसला. त्यांनी काही विचारलं नाही, तडक घर गाठलं आणि ओट्यापासूनच गळा काढला की आमचे पंजाबराव गेले. आतून पंजाबरावच बाहेर आले. हातात चहाची बशी.

“बसा,” ते म्हणाले. “कवा गेलो मी?”

गाव आठवडाभर हसलं. पंजाबराव हसले नाहीत. सुनेने, वंदनाने, त्यांना परोपरीने समजावलं की हे कंपनीचं खूळ आहे. पण पोराने आपल्याला जिवंतपणी पोचवलं, हे काही म्हाताऱ्याच्या डोक्यातून जाईना. ते त्याच्या पंगतीला बसेनासे झाले. तो ओट्यावर आला की भिंतीकडे तोंड करत. एकदाच बोलले, तेही भिंतीकडे पाहत, की तुझी कंपनी माझ्या मरायची वाट पाहते काय. हिंमतरावाला ते काळजात लागलं. पण चूल त्या तुळतुळीत चेहऱ्यावर पेटत होती, करणार काय?

पावसाळा सरता सरता पंजाबरावांनी अंथरूण धरलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि वयाकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळी हिंमतराव वंदनाजवळ बसला आणि मनातलं बोलला.

“बाप गेला तर नदीवर मी काय उतरवू? माय गेली तवा केस देले, मिशी देली. बापासाठी कंपनीनं काईच ठेवलं नाही.”

वंदनाने हातातलं निवडणं थांबवलं. “वाढवा,” ती म्हणाली. “व्हईन ते व्हईन.”

त्याने वाढवली. रोज पहाटे तो वॉल फिरवी आणि रोज ॲप त्याला गैरहजर ठरवी. गावाला पाणी मिळे, त्याला काही मिळत नसे. वंदना दुसऱ्याच्या वावरात मजुरीने निंदायला, तण काढायला, जाऊ लागली. मिशीने ओठ झाकला तसा तो बापाच्या उशाशी बसायला धजू लागला. एका सकाळी पंजाबरावांनी डोळे उघडले, पोराच्या ओठावरून बोट फिरवलं आणि पेज मागितली. दुसऱ्या दिवशी भाकर मागितली. आठवडाभरात काठी टेकत ओट्यावर. ज्यांच्या मरणासाठी मिशी राखली, ते मिशी पाहून उठून बसले! हिंमतरावाला एवढा आनंद झाला की तो टाकीखाली जाऊन एकटाच रडला.

तेवढ्यात शेखर निरोप घेऊन आला. वरच्या साहेबांनी हजेरी तपासली होती. या गावात दोन महिने पाणी सोडायला कोणीच आलेलं नाही, तरी पाणी वेळेवर. म्हणजे इथे माणसाची गरजच नाही. जागा रद्द. पाणी कोण सोडतं हे शेखरला पक्कं ठाऊक होतं, पण त्याचाही चेहरा कुठेतरी नोंदवलेला होताच. हिंमतरावाने वॉलची चावी त्याच्या हातावर ठेवली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या आळीत नळ कोरडे आणि खालच्या आळीत रस्त्यावर गुडघाभर पाणी. मग बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन कंपनीची गाडी फाट्यावर अडवली. ग्रामसभेत जांभया देणारे आता त्यांच्या मागे उभे राहून घसा ताणत होते. कंपनी नमली, पण कंपनीसारखीच नमली. जुना कामगार परत घ्यायची तिच्याकडे सोय नव्हती, नवा घेता येत होता. तेव्हा हिंमतराव नवा झाला. वीस-बावीस वर्षांची नोकरी पुसली गेली, कायम व्हायची आशाही गेली. शेखरने त्याला टाकीखाली उभं करून नवा फोटो काढला. डोक्यावर केस, ओठावर भरघोस मिशी. फोन टुणकन वाजला.

“आता हाच चेहरा ठेवा,” शेखर म्हणाला. “बदल चालत नाही.”

संध्याकाळी ओट्यावर हे सांगताना हिंमतराव हसला, वंदनाही हसली. पंजाबराव पोराच्या मिशीकडे पाहत राहिले. दिवेलागणीला ‘देवा, ने आता’ म्हणायची त्यांची रोजची सवय. त्या दिवशी ते शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी गेले.

“म्हंजे मी मेलो की तुले मिशी काढा लागीन,” ते सावकाश म्हणाले. “अन् मिशी काढली की तू गैरहजर.”

मग म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि डॉक्टरच्या गोळ्या मागितल्या. चार दिवस त्या घेतल्याच नव्हत्या, हेही कबूल केलं.

तेव्हापासून पंजाबराव रोज सकाळी काठी टेकत फाट्यापर्यंत चालून येतात. तेलकट खात नाहीत, थंडीत कानटोपी काढत नाहीत. या वयात एवढी जिवाची काळजी कशाला, असं कोणी विचारलं तर थांबून दम घेतात.

“मीबी कंपनीतच लागलो,” म्हणतात आणि पुढे चालू लागतात.