दोन घरांचं पाणी

शाळेच्या स्वयंपाकघरातून लिओटा हेंडरशॉट निवृत्त झाली, त्याच वर्षी पाइपलाइनवाले पेंटर फोर्कच्या खोऱ्यात आले. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या डोंगरात हाकेच्या अंतरावर दोनच घरं होती. एक लिओटाचं, दुसरं तिच्या धाकट्या भावाचं, डॅलसचं. दोन्ही घरांना पाणी एकाच झऱ्याचं. वर चुनखडीच्या फटीतून तो निघायचा. त्यांच्या वडिलांनी तिथे दगडी कुंडी बांधून खाली नळ आणला होता.

गॅसची जाडजूड पाइपलाइन झऱ्याच्या वरच्या अंगाने, डॅलसच्या कुरणातून जायची होती. डॅलसने कंपनीच्या करारावर सही करून टाकली. त्याचा मुलगा केंडल कोळशाची खाण बंद पडल्यापासून घरी बसून होता, आणि कंपनीने त्याला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं.

लिओटा भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आणि पाण्याचं काय?"

"पाण्याला काही होत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ज्यांना पाइप टाकायचाय ते," डॅलस म्हणाला आणि स्वतःच ओशाळून हसला.

चर्चच्या तळघरात विरोध करणाऱ्यांची बैठक भरायची, तिथे लिओटा जाऊ लागली. ट्वायला नावाची निवृत्त नर्स सगळ्यांची मोट बांधायची. झऱ्यांबद्दल, ओढ्यांबद्दल बोलणं निघालं की लिओटाला ते आपलं वाटे. हवामान बदलाचं बोलणं सुरू झालं की मात्र ती मक्याच्या पावाचे तुकडे वाटायला उठायची. ते शहरातल्या लोकांचं दुखणं, असं तिला वाटायचं. एकदा कुणीतरी साध्या भाषेत सांगितलं, की गरम झालेली हवा जास्त पाणी धरून ठेवते आणि मग ते एकदमच ओतते. लिओटा हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. काही वर्षांपूर्वी एका दुपारी असंच आभाळ ओतलं होतं, आणि तिची मैत्रीण आर्ब्युटस घरासकट ओढ्यातून वाहून गेली होती. तेव्हापासून पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की लिओटाला बसवत नसे. त्या बैठकीपासून ती हवामानाच्या बोलण्यातही बसून राहू लागली.

गावात टोमणे सुरू झालेच. दुकानदार होबर्टने चारचौघांत विचारलं, "लिओटा, तू स्वयंपाक कशावर करतेस गं?"

"गॅसवर. हिवाळ्यात घरसुद्धा गॅसवरच गरम करते. म्हणून तोंड उघडू नये का?"

दुकानात हशा पिकला. तीही हसली, पण घरी येईपर्यंत ते बोलणं तिला सलत राहिलं. होबर्टचं चूक नव्हतं. शेगडीसमोर उभी राहून तिने बराच विचार केला. आज आपल्याला गॅस लागतो हे खरं, पण म्हणून पुढच्या पिढीलाही त्यालाच बांधून ठेवायचं का, याचं उत्तर तिला 'हो' असं देता येईना.

हायस्कूलच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. घोकून ठेवलेलं सगळं लिओटा माइकसमोर विसरली. शेवटी ती म्हणाली, "इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी शाळेत जेवू घातलंय. तेव्हा कुणी मला म्हणालं असतं की पोरांना नासकं पाणी दे, तर मी नाही म्हटलं असतं. आजही नाहीच म्हणते." ती खाली बसली. डॅलस समोरच्या बाजूला, कंपनीच्या लोकांमागे बसला होता. त्याने मान वर केली नाही.

परवानगी मिळालीच. झाडं पडली, सुरुंग लागले. पुढे एका मोठ्या पावसानंतर लिओटाच्या नळाला दुधाळ चहासारखं पाणी आलं. डॅलसच्या घरीही तेच. कंपनीने बाटल्यांची खोकी पाठवली, पण फक्त डॅलसला, कारण सही त्याची. त्याने अर्धी खोकी लिओटाच्या ओसरीवर आणून ठेवली आणि निघून गेला.

सरकारी निरीक्षक आला तेव्हा सगळे कुंडीपाशी जमले. पावसात हा झरा पहिल्यापासूनच गढुळतो, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं. केंडल कंपनीचं हेल्मेट घालून थोडा लांब उभा होता. डॅलसने त्याच्याकडे पाहिलं, मग निरीक्षकाकडे वळून म्हणाला, "नाही गढुळायचा. माझा जन्म इथला. एकदाही पाहिलं नाही."

निरीक्षकाच्या अहवालावरून झऱ्याच्या वरचं काम थांबलं, आणि कामावरच्या पोरांना घरी बसवलं गेलं. केंडल ओहायोला काम शोधायला निघाला. जाताना तो लिओटाकडे आला.

"आत्या, तुझ्यावर राग नाही म्हणालो, तर खोटं होईल."

"मग नको म्हणूस."

तिने बांधून दिलेला डबा त्याने घेतला. तो गेल्यावर ती कितीतरी वेळ दारातच उभी होती. काम थांबलं तेव्हा चर्चच्या तळघरात टाळ्या वाजल्या होत्या, आणि तिनेही वाजवल्या होत्या.

कोर्टकज्जे चालले, अपिलं झाली, आणि शेवटी पाइपचा राहिलेला तुकडाही पुरला गेला. वर गवत पेरलं. आता तिथून गॅस वाहतो. झरा बराचसा निवळला, पण जोराचा पाऊस झाला की अजून गढुळतो. डॅलसने दोन्ही घरांत पाणी गाळायचं यंत्र बसवलं, दोघं पुन्हा रविवारी एकत्र जेवू लागली.

त्याच पाइपलाइनचा फाटा शेजारच्या जिल्ह्यात न्यायचं ठरलं, तेव्हा ट्वायलाने लिओटाला तिथल्या सुनावणीत बोलायला बोलावलं.

"आपण हरलो की," डॅलस म्हणाला. "मग कशाला जायचं?"

"तिथे अजून खणलेलं नाही."

तिला आता अंधुक दिसे, म्हणून डॅलसच तिला गाडीतून घेऊन गेला. मी बाहेरच थांबतो म्हणाला, पण थोड्या वेळाने टोपी हातात घेऊन आत आला आणि मागच्या रांगेत टेकला. लिओटा बोलली, लोकांनी ऐकून घेतलं. मग पुढचं नाव पुकारलं गेलं, ते डॅलसचं. कधी दिलं होतं त्याने, तिला पत्ता नव्हता.

माइकपाशी जाऊन त्याने घसा साफ केला. "मी सही केलेला माणूस आहे," तो म्हणाला. "सही करताना मला काय काय सांगितलं होतं, तेवढं सांगायला आलोय."

आणि तो सावकाश सांगू लागला. आपला भाऊ इतका वेळ सलग बोललेला लिओटाने आजवर ऐकला नव्हता.