यादीत न आलेली चांदी

सिंधूबाई शेळ्या मोजते तेव्हा मी मुद्दाम थांबून ऐकतो. डोंगरकडा गावाजवळच्या आपल्या शेतातल्या आखाड्यावर फाटकात उभी राहून ती एकेकीच्या पाठीवर हात ठेवते आणि खळ्यावर धान्य मोजावं तशी म्हणते, “लाभ, दोन, तीन...” पहिल्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ही तिच्या सासऱ्याची शिस्त. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस, तीस वर्षं लस टोचतोय, पण माझी मोजणी तिच्यापुढे कधी टिकली नाही.

मागच्या साली तर माझी कागदावरची यादीच चुकली. तिची एक शेळी लशीवाचून राहिली आणि आंत्रविषार या आतड्याच्या रोगाने गेली. ते मला फार लागलं. सिंधूबाईची लेक शिवकन्या तर इरेला पेटली. कळमनुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणाऱ्या या पोरीने मोबाइलसाठी ॲप बनवलं. त्यात शेळ्यांची नावं घालून ठेवायची, लशीच्या दिवशी ते एकेक नाव पुढे आणतं. यंदा सिंधूबाईने सगळा भरवसा त्यावर टाकला, शेजारच्या मालनबाईनेही.

लशीच्या दिवशी सकाळी मालनबाईकडचं उरकून आम्ही इकडे आलो. शिवकन्या नाव वाचायची, मी टोचायचो आणि पाठीवर निळा ठिपका लावायचो. शेवटी ॲपने सांगितलं, सगळ्या झाल्या. मी पेटी मिटली.

“थांबा साहेब, एक राहिली,” सिंधूबाई म्हणाली.

“माय, एक्केचाळीस झाल्या की,” शिवकन्या म्हणाली.

“माझ्या बेचाळीस हायत.”

बाजेला बांधलेली चांदी नावाची शेळी निवांत पाला खात होती. तिच्या पाठीवर ठिपका नव्हता. शिवकन्येने सगळ्यात आधी घातलेलं नाव तिचंच.

पोरीचा चेहरा पडला. म्हणजे मालनबाईकडेही पहिल्या नावाची शेळी तशीच राहिली असणार! मागच्या सालची गत पुन्हा, आणि ती हिच्या हातून. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने कोडच्या ओळी चार वेळा वाचल्या.

“नाव तर हाय यादीत, मंग काहून येऊन न्हाई राहिलं?” ती रडकुंडीला आली.

सिंधूबाई शेजारी टेकली. “तुझं मशीन कुठून मोजतं?”

“शून्यापासून. पहिल्या नावाला ते शून्य म्हणतं, माय.”

“आन् तू त्याला कुठून मोजाय लावलंस?”

शिवकन्येने त्या ओळीवर बोट ठेवलं. “एकापासून.”

“मंग शून्य म्हंजे त्याचा लाभ, पोरी. तू लाभ सोडून मोजून राहिलीस!”

मला हसू आवरेना. शिवकन्येने एकाच्या जागी शून्य टाकलं, ॲप पुन्हा चालवलं आणि पडद्यावर पहिलंच नाव आलं, चांदी. मी पेटी उघडली. इतक्या आनंदाने मी आजवर कुणाला सुई टोचली नसेल.

मग तिघंही मालनबाईकडे लगबगीने गेलो. तिच्या शेळ्या रानाला निघाल्याच होत्या. यादीतली पहिली राणी, बिनठिपक्याची, सगळ्यांच्या पुढे होती. सिंधूबाईने फाटक अडवलं, पण स्वतः मोजायला लागली नाही. बाजूला सरून तिने लेकीला जागा करून दिली.

शिवकन्येने मोबाइल एका हातात धरला, दुसरा राणीच्या पाठीवर ठेवला आणि ती मोठ्याने म्हणाली, “लाभ.”