सिनेटर काकांचं मत

चौसाळ्यात आमच्या सिनेटर काकांइतकं अमेरिकेवर चिडणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि त्यांच्याइतकं अमेरिकेवर जीव टाकणारंही नव्हतं. दोन्ही कामं ते माझ्या औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर बसून रोज सकाळी करायचे. बीपीची गोळी न्यायला आलेली माणसं तिथल्या सिनेटमध्ये कोण कुणाला काय बोललं ते ऐकून घरी जायची. 'सिनेटर' हे नाव गावानंच पाडलं. काकांना ते आवडायचं, पण तसं ते दाखवायचे नाहीत.

काका मूळचे बागायतदार, एकेकाळचे सरपंच. मुलगी टेक्सासात. काकू गेल्यावर तिच्याकडे सहा-सहा महिने राहून यायचे. तिथं शेजारी एक निवृत्त न्यायाधीश राहत. काका त्यांना जज्जसाहेब म्हणायचे. पक्का परंपरावादी माणूस. देव, कुटुंब, राज्यघटना, आणि सरकारनं आपल्या पायरीनं राहावं. पुढाऱ्याचं चारित्र्य हाच त्याचा खरा जाहीरनामा, असं ते सांगत. काकांना ते इतकं पटलं की त्यांनी ते आपल्या बोलीत बसवून घेतलं. "सरकार धाकटं पायजे अन् माणूस थोरला."

यावरून आमचं कायम वाजायचं. आमच्याकडं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, मागं राहिलेल्या लेकरांचं वसतिगृह, पाण्याचा टँकर, सगळं सरकारच्या जिवावर. धाकटं सरकार आम्हाला काय कामाचं, असं मी विचारायचो. काका हार मानायचे, पण अर्धीच. "टँकर सरकारनंच आणावा. पर तो कुणाच्या दारात रिकामा होतो, ते माणसावर हाय." सरपंच असताना पहिला टँकर त्यांनी आपल्या गल्लीत कधी येऊ दिला नव्हता. काकू हयातभर त्यावरून बोलत राहिल्या.

मग जज्जसाहेबांच्या पक्षानं तिथं सिनेटसाठी एका अशा माणसाला उभं केलं, ज्यानं आपल्या लष्करातल्या नोकरीबद्दल सरळ खोटं सांगितलं होतं. पकडला गेला, तरी माघार नाही. जज्जसाहेब आता त्याला झोडपणार, म्हणून काका आनंदानं फोन लावून बसले. जज्जसाहेब शांतपणे म्हणाले की माणूस संत नाही, पण सभागृहात मत आपल्या बाजूनं देईल, आपली कामं करील. काकांनी फोन बाकावर उपडा ठेवला. "आपल्या गावच्या पारावर हेच रोज ऐकतो," ते म्हणाले. "तवा काई वाटत न्हाई." त्यानंतर जज्जसाहेबांचे कितीतरी फोन आले, काकांनी एकही उचलला नाही. एका मतापायी एवढी जुनी मैत्री तोडायची, याचा मला संताप यायचा.

त्याच वर्षी काकांचा पुतण्या सुधाकर जिल्हा परिषदेला उभा राहिला. भाऊ लवकर गेल्यानं त्याला काकांनीच वाढवलं होतं. समोर एक निवृत्त मुख्याध्यापक. भला माणूस, आणि लोक त्याच्याकडं वळत होते. तेवढ्यात, मास्तरांनी शाळेच्या खिचडीचा तांदूळ विकून खाल्ला, अशी बातमी मोबाइलवर फिरली. काकांनी सुधाकरला माझ्या दुकानात बोलावून विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. बातमी आपणच सोडली, तांदळाचं खोटं आहे, निवडून आलो की मास्तरांची माफी मागतो, म्हणाला.

शेवटच्या सभेत आशीर्वाद द्यायला काकांना स्टेजवर बसवलं होतं. त्यांनी माइक हातात घेतला. "ह्याला मी वाढवलं. मास्तरांवरचा आरोप खोटा हाय, असं ह्यानं माझ्यापुढं कबूल केलंय. माझं मत ह्याला न्हाई." एवढंच बोलून ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले. सुधाकर उठला, सगळ्यांसमोर काकांच्या पाया पडला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काय ते घराणं, काका खरं बोलतो, पुतण्या पाया पडतो, असं लोक म्हणू लागले. सुधाकर आरामात निवडून आला. माफीचं पुन्हा नाव निघालं नाही. मास्तरांनी बाजारात येणं सोडलं.

"मग मी बोललो कशापायी?" काकांनी मला विचारलं. मीही वैतागलेलो होतो. म्हटलं, काका, शेवटच्या दिवशी तीन वाक्यं बोलून चारित्र्य वाचत नसतं. मास्तरांच्या बाजूनं दारोदार हिंडायला हवं होतं, त्यांच्या घरी तरी जायला हवं होतं. काका चप्पल घालून थेट मास्तरांच्या घरी गेले. त्या दिवसापासून रोज जायचे. मास्तर आधी दार उघडेनात, तेव्हा ओट्यावर बसून यायचे. पुढं पुढं दोघांचा चहा होऊ लागला. जज्जसाहेबांचा फोनही एक दिवस उचलला. पहिलं वाक्य इंग्रजीत ठणकावून सांगितलं, की मी अजून रागावलेलो आहे. मग तासभर भांडले.

गुडघे गेल्यावर मुलगी त्यांना कायमचं घेऊन गेली. तिथंच ते वारले. शेवटच्या दिवसांत जज्जसाहेब रोज येऊन बसत, आणि दोघं त्याच त्या सिनेटरवरून वाद घालत, असं मुलीनं सांगितलं.

आता सुधाकर आमदारकीची तयारी करतोय. मांजरसुंब्याच्या चौकात मोठा फ्लेक्स लागलाय. काकांचा हसरा फोटो, त्यावर 'आमचे प्रेरणास्थान', खाली सुधाकरचे जोडलेले हात. तो पाहून माझं डोकं फिरलं. तडक त्याच्याकडं गेलो आणि फ्लेक्स उतरव म्हणालो. त्यानं मला मानानं बसवलं, चहा मागवला.

"काका माझ्याविरुद्ध खरं बोलले, म्हणून तर लोक त्यांला मानत्यात," तो म्हणाला. "अन् लोक मानत्यात म्हणून फोटो लावलाय. ह्यात माझं काय चुकलं, भाऊ?"

तो थट्टा करत नव्हता. काकांच्या आठवणीनं त्याचे डोळे खरोखर भरून आले होते, आणि मला जास्त राग त्या खरेपणाचाच आला.