सलग अनुभवाची अट

अन्याय आम्हा तिघी प्रयोगशाळा परिचरांवर झाला, गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी, कॉलेज सुटायच्या वेळी. अकरा महिन्यांचा करार संपला, आता जानेवारीत या, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. ओळीने तिसऱ्या वर्षी. बारावा महिना दिला तर आम्ही कायम करा म्हणू, ही कॉलेजवाल्यांची भीती.

या वेळी जानेवारीची वाट पाहायची नाही, असं मी ठरवलं. डिसेंबरातच दारव्ह्याहून एसटीने यवतमाळला दुसऱ्या कॉलेजात मुलाखतीला गेले. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी माझे तिन्ही वर्षांचे नेमणुकीचे आदेश उलटून पाहिले.

"सलग एक वर्षाचा अनुभव पायजे, ताई. तुमचा तर दरवर्षी तुटून राह्यला."

"थो म्या तोडला का जी? तुम्ही किती महिन्यांची ऑर्डर देता?"

साहेबांनी शेजारच्या मॅडमकडे पाहिलं.

"अकरा," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून प्रत्येक मुलाखतीत मी हे आधी विचारते. नोकरी अजून लागलेली नाही, पण विचारणं सोडणार नाही. तुम्ही माणसं निवडणाऱ्या टेबलामागे बसत असाल, तर आजच तुमच्या जाहिरातीतली सलग वर्षाची अट खोडा.