देवाला पत्ता नीट सांगावा

नेवासा फाट्यावर एसटी उभी होती, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर आणि दादांचा हात माझ्या डोक्यावर. वडिलांना आम्ही सगळी भावंडं दादा म्हणतो. ते गवंडी, शिवाय गावातल्या चर्चचे पंच. तळोज्याच्या एका फॅक्टरीत, लॅबमध्ये मला नोकरी लागली होती आणि मी निघाले होते. दादांनी प्रार्थना सुरू केली ती माझ्यापासून. मग ड्रायव्हर झाला, कंडक्टर झाला, आणि मग बसचा मागचा उजवा टायर, कारण तो त्यांना गुळगुळीत दिसला होता. "प्रभू, कळंबोलीपर्यंत तेवढा टिकव," असं ते खणखणीत आवाजात म्हणाले. कंडक्टरने दोरी सोडून हात जोडले. शेवटी निम्मी बस 'आमेन' म्हणाली, आणि त्यात आमच्या चर्चचं कुणीच नव्हतं. बावीस वर्षांच्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादांचं म्हणणं, प्रार्थनेत मोघम बोलू नये. "देवाला पत्ता नीट सांगावा. नाव, गल्ली, दुखणं." म्हणून ते रोज पहाटे अख्ख्या गावाची हजेरी घेत. मी मात्र त्या बसमध्येच ठरवलं, की आपण यापुढे मनातल्या मनात प्रार्थना करायची.

तुम्ही गावाकडची माणसं गावातच राहिलात, तुम्हाला हे कळायचं नाही. सुरतेला, दुबईला गेलेल्यांना बरोबर कळेल. कँटीनमध्ये डबा उघडला की आपली मान अर्धा सेकंद खाली जाते. समोरच्याला वाटतं, ही आमटीचा वास घेतेय. फॅक्टरीजवळ नावड्याला भाड्याच्या खोलीत तीन पोरींत मी तशीच राहिले. लग्न झाल्यावर आम्ही दोघं नेरूळला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आलो, तिथेही तेच. रविवारी चर्चला गेले की मोठ्याने गायचं, सोमवारी पुन्हा म्यूट.

गेल्या वर्षी सगळीकडूनच टेन्शन आलं. टीव्ही लावला की युद्ध. कंपनीत कोण राहणार, कोण जाणार याची कुजबुज. आणि घरात बाथरूम. आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर कोळी काकू राहतात, मूळच्या उरणजवळच्या मोरा बंदरातल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगितलं, "ते पाणी आमचं नाही, सोसायटीच्या पाइपचं आहे." ते पाणी आमचंच होतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण बाथरूमच्या टाइल्स नव्या होत्या, मी स्वतः निवडलेल्या, आणि त्या फोडायच्या म्हटल्यावर माझ्या जिवावर आलं. काकू माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यानंतर जिन्यात भेटलो तर मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. रात्री अंथरुणावर बसून जगात शांती नांदो म्हणायचे, आणि मला झोप यायची नाही.

अशात दादा राहायला आले, बाजरीची गोणी घेऊन. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला ते मागच्या गॅलरीत उभे राहिले आणि सुरू झाले. हल्ली त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे आवाज वाढलाय. आधी गाव, गल्लीवार. मग लढाया चालल्यात ते देश. मग आमची बिल्डिंग, मजल्यावार. मी म्हटलं, "दादा, जरा हळू. लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "लोकांसाठीच तर मागतोय."

संध्याकाळी ते खाली बाकावर बसत. तिथे त्यांची काकूंशी गट्टी जमली. आमच्यात बोलचाल नाही हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा डावा गुडघा प्रार्थनेत दाखल झाला. आठवड्याने ते काकूंकडे चहा पिऊन आले. आले ते थेट बाथरूममध्ये गेले, टाइलवर बोटाने ठकठक केलं, आणि जेवायला बसले.

सकाळी मी चहा गाळत होते. गॅलरीत जगभराच्या लढाया संपल्या, आणि दादा म्हणाले, "प्रभू, पहिल्या मजल्यावर कोळीबाईंच्या ओट्यावर पातेलं ठेवलंय, त्यात आमच्या बाथरूमचं पाणी पडतंय. मी गवंडी माणूस, टाइल पोकळ वाजते ते मला कळतं. माझ्या लेकीलाही कळतं. ती खोटी नाही, घाबरलीय. तिला खरं बोलायचा धीर दे."

खालच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. पाचच मिनिटांत बेल वाजली.

दारात काकू. त्या म्हणाल्या, "तुजा बापूस आठ दिस माज्या गुडघ्यासाठी देवाला सांगतंय. माज्या पोरांना म्हाईत नाय कंचा गुडघा दुखतो ता." मी म्हटलं, "काकू, पाणी आमचंच आहे. मी मीटिंगमध्ये खोटं बोलले. मला माफ करा." आणि मला रडूच फुटलं. काकू म्हणाल्या, "ता मना पयल्यापासून ठाव हाय. तू कदी बोलतंस ता बघत होते. आता रडू नको, चा दे."

दादांनी त्याच दिवशी छिन्नी-हातोडा मागवला. माझ्या लाडक्या टाइल्स त्यांनी स्वतःच्या हाताने फोडल्या आणि खालची गळती बुजवली. सगळं सुकेपर्यंत दादा, माझा नवरा आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून काकूंकडे आंघोळीला जायचो. येताना ताटभर बोंबील मिळायचे. कोरडवाहू मुलखातले दादा प्रत्येक घासाआधी काट्यांसाठी वेगळी प्रार्थना करायचे.

युद्ध थांबलं नाही. कंपनीतली कुजबुजही चालूच आहे. पण मला झोप लागायला लागली. खरं सांगते, इतकी वर्षं मी शांती वरून येईल म्हणून आकाशाकडे बघत होते, आणि ती एका जिन्याच्या अंतरावर अडकून पडली होती.

दादा निघाले तेव्हा कळंबोलीला सोडायला काकूही आल्या, सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन. बस लागली. दादांनी टोपी काढली आणि माझ्यासमोर डोकं वाकवलं. "आता तू कर. मोठ्याने. मला ऐकू येत नाही."

आजूबाजूला रिक्षावाले, प्रवासी, वडापाववाला. मी दादांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. आवाज आधी फुटेना, मग फुटला. दादा, त्यांचे कान, ड्रायव्हर, कंडक्टर, नेवासा फाट्यापर्यंत चारी टायर, सगळ्यांचा पत्ता दिला. आमेन सगळ्यात मोठ्याने काकू म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "एकविरा आईला पन सांगून ठेवते."

तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, आता घर कुठलं, गाव की नेरूळ? पूर्वी मी पटकन गाव म्हणायचे. आता वाटतं, आपलं नाव आणि आपलं दुखणं जिथे कुणीतरी रोज देवाला सांगतं, ते घर. दादा गावात माझं नाव घेतात, मी इथे गॅलरीत उभी राहून इथल्यांची घेते. तेव्हा घरं दोन झाली, तक्रार कसली?

परवा कंपनीची बस चुकेल म्हणून मी घाईत प्रार्थना आटोपली आणि आत वळले. तोच खालून आवाज आला, "अगो, आज माजा गुडघा राह्यला!"

मी चपला काढल्या आणि परत गॅलरीत गेले.