गुडघ्याचं तेल
जवसाच्या तेलाचा वास आला की मला नवेगाव बांधचा तो हिवाळा आठवतो. तेव्हा मी रोज सकाळी तळहाताएवढं एक तैलचित्र काढायची. एकदा शेतातल्या लाखोळीच्या डाळीची निळी फुलं काढताना रंगात मिसळायचं तेलच संपलं. "काऊन थांबली वं?" म्हणत घरमालकीण काकूंनी काकांच्या गुडघ्यांना चोळायचं जवसाचं तेल आणून दिलं, घरात तेवढंच उरलं होतं. त्यात मी फुलांमागचं धुकं रंगवलं. संध्याकाळी काका लंगडत आले. "माह्या गुडघ्याचं तेल कुठी लागलं, दाखव." मी धुक्यावर बोट ठेवलं. ते चित्रावर वाकून म्हणाले, "गुडघे त रोजचेच हायेत. फुलं जातीन." त्या घरगुती तेलाने ते धुकं आता पिवळं पडलंय. बघणारे म्हणतात, ऊन छान उतरलंय. मी नाही म्हणत नाही.